घरातील मत्स्यालय : शोभा आणि जबाबदारी
रंगीत माशांची काचपेटी घराची शोभा वाढविते आणि मुलांना निरीक्षणाची गोडी लाविते. मात्र या छंदाला चिकाटी लागते. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून विषारी अमोनिया तयार होतो. त्याचा निचरा करणारे जिवाणू पेटीत रुजण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मोजकेच मासे ठेवावेत. दर आठवड्याला सुमारे पाव भाग पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरीन काढूनच वापरावे.

शेवाळ खातो म्हणून आणलेला परदेशी 'सकर' मासा फूटभर वाढतो आणि पेटी अपुरी पडते. तरीही तो नदीत सोडू नये, विक्रेत्याकडे परत द्यावा. पुण्याची मुळा-मुठा दौंड तालुक्यातील राहू परिसरातून पुढे भीमेला मिळते. शहरात सोडलेला मासा तेथील स्थानिक माशांच्या मुळावर येऊ शकतो.