पुरुषांच्या लघवीच्या आणि गुप्तांगाच्या तक्रारी : काय समजायचे, कधी धावायचे

ताप आला तर आपण घरभर सांगतो. दाढ दुखली तर गल्लीत चार जणांना विचारतो. पण लघवीला आग होते, अंडात दुखते, लघवीतून पू येतो, हे मात्र पुरुष बायकोलाही सांगत नाही आणि मुलगा अब्बांनाही सांगत नाही. नांदेड-लातूरकडे अशा तक्रारीचा पहिला थांबा मेडिकलचे दुकान असतो, दुसरा रस्त्याकडेचा तंबू, आणि डॉक्टर सगळ्यात शेवटी. यातली काही दुखणी दोन-चार दिवसांनी दाखवली तरी चालतात. काहींना सहा तासही मिळत नाहीत. हा फरक घरातल्या सगळ्यांना, अम्मींनासुद्धा, माहीत असावा म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत. आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. त्यामुळे इथे कुठलेही औषध सांगणार नाही. लक्षण ओळखायचे कसे आणि जायचे कुठे, एवढेच सांगू.

आधी शब्द

आपण घरात दखनी बोलतो आणि डॉक्टर विचारतात मराठीत. शरम आणि शब्द दोन्ही आडवे येतात. म्हणून हे पाठ ठेवा : पेशाब म्हणजे लघवी, मसाना म्हणजे मूत्राशय, गुर्दा म्हणजे मूत्रपिंड किंवा किडनी, पथरी म्हणजे मुतखडा, फोते म्हणजे अंडकोश, पीप म्हणजे पू, मनी म्हणजे वीर्य. "खाली त्रास आहे" एवढेच सांगितले तर डॉक्टरांना काही कळत नाही. कुठे दुखते, कधीपासून दुखते, लघवी करताना की नंतर, ताप आहे का, रक्त किंवा पू दिसतो का, शुगर आहे का, या सहा प्रश्नांची उत्तरे घरूनच ठरवून जा. बोलायला जमत नसेल तर कागदावर लिहून द्या.

लघवीला जळजळ

उन्हाळ्यात पाणी कमी पडले की लघवी गडद पिवळी होते आणि थोडी आग होते. पाणी वाढवल्यावर ती एक-दोन दिवसांत गेली तर घाबरायचे कारण नाही. पण जळजळ टिकली, सारखे जावेसे वाटू लागले, लघवी गढूळ झाली किंवा वास मारू लागली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. बायकांना हा त्रास जास्त होतो, पुरुषांना कमी. म्हणूनच पुरुषाला झाला तर त्यामागे काही कारण आहे का, हे बघावे लागते : मुतखडा, प्रोस्टेट ग्रंथीची सूज, वाढलेली शुगर किंवा लैंगिक संबंधातून आलेला आजार. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणे आणि उलट्या असतील तर संसर्ग किडनीपर्यंत गेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लघवीची तपासणी आणि कल्चर आधी, अँटिबायोटिक नंतर, हा क्रम लक्षात ठेवा. दुकानातून दोन गोळ्या घेऊन बरे वाटले की सोडून देणे, यानेच जंतू औषधाला दाद देईनासे होतात. पुन्हा पुन्हा जळजळ होते, लघवीत पू-पेशी दिसतात, पण साध्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाही, असे असेल तर डॉक्टर मूत्रमार्गाच्या टीबीचाही विचार करतात. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

मुतखडा : आपल्या भागाचे दुखणे

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे कोण विसरेल? कडक ऊन, घाम आणि कमी पाणी, या तिन्हींतून लघवी दाट होते आणि त्यातल्या क्षारांचे खडे बनतात. मुतखड्याची कळ कंबरेतून सुरू होऊन जांघेत, कधी अंडापर्यंत उतरते. माणूस एका जागी बसू शकत नाही, लघवी लालसर होते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडून जातात. मोठा अडकला तर उपचार लागतो. खड्यासोबत ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर ती इमर्जन्सी समजा.

दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे आणि मीठ कमी करावे. उन्हाळ्यातल्या रमजानमध्ये इफ्तार ते सहरीपर्यंत पाणी थोडे थोडे करून प्यावे. सहरीला एकदम तांब्याभर ओतून उपयोग नाही. किडनीचा आजार किंवा वारंवार खडे होत असतील तर रोज्यांच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या. रिक्षा, ट्रक आणि दुकानावर बसणाऱ्या भावांनी लघवी तासन् तास दाबून धरू नये.

इथे मिनिटे मोजायची

१. अंडात अचानक जोराची कळ : दहा ते वीस वर्षांच्या मुलांत अंडाला रक्त नेणारी नस पिळली जाऊ शकते. अंड वर चढते, सुजते, मळमळ होते. सहा तासांच्या आत ऑपरेशन झाले तर अंड वाचण्याची शक्यता चांगली असते. नंतर ती झपाट्याने घटते. मुलगा "पोट दुखते" एवढेच सांगून पडून राहतो. मोठ्यांनी स्पष्ट विचारावे. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.

२. लघवी पूर्ण अडकणे आणि ओटीपोट फुगणे : नळी घालून लगेच मोकळी करावी लागते.

३. चार तासांहून जास्त टिकलेला ताठरपणा, त्यात दुखणे : उशीर झाला तर कायमचे नुकसान होते.

४. लघवीत रक्त, पण दुखत मात्र नाही : आज रात्री धावायची गरज नाही, पण याच आठवड्यात दाखवा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे मूत्राशयाच्या कॅन्सरचे पहिले लक्षण असू शकते. दुखत नाही म्हणून लोक सोडून देतात, तिथेच घात होतो.

पू, फोड, जखम

लिंगातून पू आणि लघवीला आग, हे परम्यासारख्या लैंगिक आजाराचे लक्षण असू शकते. काही आजारांत मात्र काहीच दुखत नाही. गरमीची पहिली जखम न दुखताच आपोआप भरते आणि आजार आत राहतो. खतना झालेली आहे म्हणून हे आजार होत नाहीत, हा समज चुकीचा आहे. खतन्याने काही धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही.

कोणाला दोष देत बसण्यापेक्षा इलाज पूर्ण करा, आणि नवरा-बायको दोघांनीही करा. एकानेच औषध घेतले तर दुसऱ्याकडून आजार परत येतो. डॉक्टर सांगतील तोपर्यंत संबंध टाळा. एचआयव्हीची तपासणीही करून घ्या. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे.

पन्नाशीनंतर

धार बारीक होणे, थांबून थांबून येणे, रात्री तीन-चार वेळा उठावे लागणे, हे वाढलेल्या प्रोस्टेटमुळे असते. "उमर झाली" म्हणून अब्बा-चाचा गप्प राहतात. बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो. काहींनाच ऑपरेशन लागते.

लघवी झाल्यावर थेंब येत राहतात आणि नमाजीला वुजूची काळजी लागते. मूत्रनळीत उरलेली लघवी खाली येण्याने हे होते. अंडकोशाच्या मागच्या भागावर बोटाने हळूच पुढे दाब दिल्यास ती निघून जाते. तरी थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. अशा माजूर माणसासाठी फिकहमध्ये सवलत आहे. तिची तफसील आपल्या मुफ्तींना विचारा. तासभर गुसलखान्यात बसून शरीराला त्रास देऊ नका.

संबंधाच्या वेळच्या तक्रारी

वीर्य पडताना दुखणे, वीर्यात रक्त, ताठरपणा न येणे, याला "कमजोरी" असे एकच नाव देऊन तंबूवाले हजारो रुपये घेतात. शुगर, ब्लड प्रेशर, तंबाखू, मनावरचा ताण, ही खरी कारणे आधी तपासावी लागतात. ताठरपणाची तक्रार कधी कधी हृदयविकाराच्या आधी येणारी सूचना असते. हृदयाची नायट्रेटची गोळी चालू असताना ताकदीची गोळी घेतली तर ब्लड प्रेशर धोकादायक खाली जाते. तरुण मुलांना सांगा, झोपेत वीर्य जाणे हा आजार नाही, त्याने हाडे झिजत नाहीत. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंतीवर जाहिरात दिसली, तर ती कायदा मोडूनच लावलेली आहे हे ओळखा.

कुठे जायचे

नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. लघवीच्या आणि अंडाच्या तक्रारीला सर्जरी विभाग, पू-फोड-जखमेला त्वचा व गुप्तरोग विभाग. सरकारी रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी "सुरक्षा क्लिनिक" असते. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते. रात्रीची इमर्जन्सी असेल तर १०८ ला फोन करा. ऑपरेशन सांगितले तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मूत्रविकारांच्या अनेक शस्त्रक्रिया येतात.

घरात मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की एकदा त्याला जवळ बसवा आणि सांगा : "बेटा, खाली कुठेही दुखले तर रात्री उठवून सांग, रागावणार नाही." एवढे एक वाक्य त्याच्या कानावर वेळेत पडले पाहिजे.