कझाकस्तान–रशिया संबंध

कझाकस्तान–रशिया संबंध म्हणजे मध्य आशियातील कझाकस्तान आणि त्याच्या उत्तरेस असलेला रशिया या देशांमधील राजनैतिक, आर्थिक व लष्करी संबंध. दोन्ही देश १९९१ पर्यंत सोव्हिएत संघाचे घटक होते. त्यांच्यातील सुमारे ७,६०० किमी लांबीची सीमा ही जगातील सर्वांत लांब सलग भूसीमा मानली जाते.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकापासून कझाक गवताळ प्रदेश टप्प्याटप्प्याने रशियन साम्राज्यात सामील झाला. १९३० च्या दशकातील दुष्काळात कझाक लोकसंख्येची मोठी हानी झाली, तर १९५४ पासूनच्या पडीक जमीन लागवड मोहिमेमुळे उत्तर भागात रशियन व युक्रेनियन लोकांची वस्ती वाढली. १९८९ च्या जनगणनेत कझाक लोकांचे प्रमाण सुमारे ४० टक्के व रशियनांचे सुमारे ३८ टक्के होते. २०२१ च्या जनगणनेपर्यंत हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ७० व १५ टक्के झाले.

राजनैतिक संबंध

कझाकस्तानने १६ डिसेंबर १९९१ रोजी, सर्व सोव्हिएत प्रजासत्ताकांत सर्वांत शेवटी, स्वातंत्र्य घोषित केले. १९९२ मध्ये दोन्ही देशांत राजनैतिक संबंध प्रस्थापित होऊन मैत्री व सहकार्याचा करार झाला. कझाकस्तानने आपल्या भूमीवरील सोव्हिएत अण्वस्त्रे रशियाच्या स्वाधीन केली. त्याच्या बदल्यात डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट करारनाम्यात रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या प्रादेशिक अखंडतेची हमी दिली. सीमानिश्चितीच्या करारावर जानेवारी २००५ मध्ये स्वाक्षऱ्या झाल्या.

सार्वभौमत्वाचा प्रश्न

उत्तर कझाकस्तान रशियाचा भाग असावा, असे मत लेखक अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन यांनी १९९० मध्येच मांडले होते. १९९७ मध्ये राजधानी दक्षिणेतील अल्माटीहून उत्तरेतील अकमोला (सध्याचे अस्ताना) येथे हलवण्यामागे उत्तर भागावरील पकड घट्ट करणे हेही एक कारण होते, असे अनेक अभ्यासक मानतात. क्रिमिया रशियाला जोडल्यानंतर काही महिन्यांनी, ऑगस्ट २०१४ मध्ये, कझाकांचे स्वतःचे राज्य पूर्वी कधीच नव्हते, असे विधान व्लादिमिर पुतिन यांनी केले. २०१५ मध्ये कझाकस्तानने कझाक खानतीच्या स्थापनेचा ५५० वा वर्धापनदिन साजरा केला.

आर्थिक व अंतराळ सहकार्य

दोन्ही देश २०१५ मध्ये अस्तित्वात आलेल्या युरेशियन आर्थिक संघाचे संस्थापक सदस्य आहेत. बैकोनुर अंतराळतळ रशियाने २०५० पर्यंत भाडेपट्ट्याने घेतला असून त्याचे वार्षिक भाडे ११.५ कोटी अमेरिकन डॉलर आहे. कझाकस्तानला समुद्रकिनारा केवळ भूवेष्टित कॅस्पियन समुद्राचाच आहे. त्याच्या निर्यातीच्या खनिज तेलापैकी सुमारे ८० टक्के तेल तेंगिझ ते रशियातील नोव्होरोसिस्क बंदर या सुमारे १,५०० किमी लांबीच्या वाहिनीतून जाते. त्यामुळे या वाहिनीतील कोणत्याही अडथळ्याचा कझाकस्तानच्या महसुलावर थेट परिणाम होतो. पर्याय म्हणून कॅस्पियन समुद्र ओलांडून अझरबैजानमार्गे काही तेल पाठवले जाते.

२०२२ नंतर

जानेवारी २०२२ मध्ये इंधन दरवाढीवरून सुरू झालेल्या आंदोलनाला हिंसक वळण लागल्यावर राष्ट्राध्यक्ष कासिम-जोमार्त तोकायेव यांनी सामूहिक सुरक्षा करार संघटनेची मदत मागितली. प्रामुख्याने रशियन सैनिक असलेल्या तुकड्या दाखल झाल्या व त्याच महिन्यात परतल्या. पुढील महिन्यात रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा कझाकस्तानने त्यात सहभाग घेतला नाही. जून २०२२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे पुतिन यांच्या उपस्थितीत तोकायेव यांनी दोनेत्स्क व लुहान्स्क यांना मान्यता देण्यास नकार दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाने अंशतः लष्करभरती जाहीर केल्यानंतर लाखो रशियन नागरिक सीमा ओलांडून कझाकस्तानात आले. सरकारने सीमा बंद केली नाही. मात्र आर्थिक संघ व सुरक्षा संघटना यांतील कझाकस्तानचे सदस्यत्व कायम आहे. रशियाशी सहकार्य राखून चीन, युरोप व तुर्कस्तान यांच्याशीही संबंध वाढवण्याच्या या धोरणास 'बहुदिशात्मक परराष्ट्र धोरण' म्हणतात.