गोधडीच्या आत गोधडी

गेल्या शनिवारी मी एक गोधडी उसवली.

तर झालं असं. ताईला मार्चमध्ये बाळ होणार आहे. आमच्याकडचा नियम असा की बाळाचं पहिलं दुपटं घरातल्या जुन्या लुगड्याचं. नव्या कापडाची खळ टोचते, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं टोचत नाही. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय, त्यामुळे गेले दोन महिने वीकएंडला सुई माझ्या हातात. हापिसात कळल्यावर व्हायची ती चेष्टा झाली. पण खरं सांगतो मंडळी, आठवडाभर दुसऱ्यांचे बग शोधल्यावर धावदोरा घालण्याइतकं शांत काम नाही.

सरावाची चौकडी वाकडीतिकडी झाली. मग विचार केला, आजीने कसं केलं होतं ते तरी बघू. ट्रंकेतली जुनी गोधडी काढली आणि फाटलेल्या कडेने वीतभर उसवली. वर आईची टेरिकॉटची पातळं. आत कापूस असेल असं वाटलेलं. आत निघाली दुसरी गोधडी! तिच्या आत मांजरपाटाचे तुकडे.

आईने ती मांडीवर घेतली आणि वाचायला लागली. डोळ्यांनी नाही, बोटांनी. "हे लांब टाके माझे, लग्नानंतरचे. हे बारीक सासूबाईंचे. आतलं मांजरपाट त्यांच्या सासूचं, रेशनवरचं."

रेशनवरचं कापड? हो. दुसऱ्या महायुद्धात कापडाची इतकी टंचाई झाली की १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणलं. आमच्या पणजीने त्यातलं चिंधीभरही फेकलं नाही.

"आणि अख्खी गोधडीच आत का घातली?"

"संपाचं वर्ष होतं रे."

आजोबा परळला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आजोबा साताऱ्याकडे गावी परतले ते कायमचेच. ज्याने आयुष्यभर कापड विणलं त्याच्या घरात वर्षभर नवीन कापड आलं नाही. थंडी मात्र आली. मग जुन्या गोधडीवर दोन पातळं लावून सासू-सुनेने ती पुन्हा टाचली. गिरणी संपाबद्दल मी बरंच वाचलं होतं. तो आमच्या अंथरुणात शिवलेला आहे हे मात्र माहीत नव्हतं.

ही युक्ती फार जुनी. विनयपिटकात गोष्ट आहे. मगधातली बांध घातलेली शेतं बघून बुद्धाने आनंदाला विचारलं, असं चीवर शिवता येईल का? आनंदाने तुकडे जोडून तसं शिवलं. संस्कृतातली ‘कंथा’ म्हणजे असंच चिंध्यांचं पांघरूण. बंगालात जुन्या साड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने टाचतात, त्याला कांथाच म्हणतात. आणि आपल्या शेजारी उत्तर कन्नडात, यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्टीत, सिद्दी बायका कवंदी शिवतात. मूळ आफ्रिकेतून आणलेली ही माणसं. त्यांच्यातल्या कित्येकांचे पूर्वज गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून पळून आले. कवंदीच्या कोपऱ्यांत त्रिकोणी ‘फुलं’ लावतात. ती नसली तर कवंदी उघडी-नागडी मानतात. कोणीही किती गरीब असो, कोपऱ्यात फूल हवंच!

पण या सगळ्यात एक गोष्ट खटकत राहिली. शिवणारीचं नाव कुठेच नसतं. आपल्याकडे चिंध्यांची गोधडी पांघरणाऱ्या गाडगेबाबांना लोक ‘गोधडेबुवा’ म्हणायचे, ते नाव राहिलं. शिवणाऱ्या लाखो बायांची नावं गेली. अपवाद सापडला तो बंगालात. गुरुसदय दत्त (१८८२-१९४१) या आयसीएस अधिकाऱ्याने लोककलेच्या वस्तू जमवल्या, त्यात एकोणिसाव्या शतकातली एक कांथा आहे. मानदासुंदरी नावाच्या बाईने ती वडिलांसाठी केली आणि आपलं नाव दोऱ्यानेच त्यात भरून ठेवलं. म्हणून आज ते मला माहीत आहे.

आमच्या गोधडीत कोणाचं काय, हे फक्त आईच्या बोटांना माहीत आहे. त्याचा बॅकअप कुठेच नाही. म्हणून तिने सांगितलेलं आधी वहीत उतरवलं, मग लुगडं हातात घेतलं.

आजीचं हे एकच उरलेलं. मी कात्री घेऊन नुसता बसून राहिलो. आईने लुगडं ओढून घेतलं, कडेला दातांनी चीर पाडली आणि टर्रकन फाडलं. "कात्रीने तिरकं जातं," एवढंच म्हणाली. मग बराच वेळ गप्प होती.

आज तीन कडा झाल्या. कोपऱ्यात आईचं नाव घालायचं म्हटलं तर म्हणाली, "नाव कशाला? दुपट्यावर कोणी नाव घालतं का?"

मी काही बोललो नाही. रात्री ताट वाढताना तिनेच विषय काढला.

"घालायचंच असेल तर आधी सासूबाईंचं घाल. आणि टाके बारीक घाल, त्यांना लांब टाके आवडायचे नाहीत."

चौथी कड पुढच्या रविवारी. बारीक टाक्यांना वेळ लागतो.