मेणबत्तीतले मेण

मराठीत आपण जिला मेणबत्ती म्हणतो, तिच्यात आज बहुधा मेण नसते. दुकानातून येणारी पांढरी कांडी पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या पदार्थाची असते. मधमाशीचे तिच्यात उरले आहे ते केवळ नाव. गेल्या आगमनकाळात घरातल्या मुलांना घेऊन आम्ही खऱ्या मेणाच्या बत्त्या करावयास बसलो, तेव्हा सर्वांत धाकट्याने विचारले, "मग दुकानातल्या मेणबत्तीला मेणबत्ती का म्हणायचे?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

ख्रिस्तसभेने मेणाला मान दिला तो केवळ त्याच्या सुवासासाठी नव्हे. कामकरी माश्या स्वतः पिले घालीत नाहीत, हे पाहून जुन्या काळी त्यांना कौमार्याचे प्रतीक मानीत. म्हणून त्यांचे मेण हे कुमारी मरियेपासून जन्मलेल्या ख्रिस्ताच्या देहाचे चिन्ह ठरले. राणीमाशीचा संसार पुढे शास्त्राने उघड केला, तरी प्रतीक टिकून राहिले. चौथ्या शतकातील मिलानचे बिशप संत अँब्रोज हे मधपाळांचे आणि मेणबत्ती करणाऱ्यांचे आश्रयदाते संत. पाळण्यात असताना त्यांच्या तोंडावर मधमाश्यांचा थवा बसला होता, अशी आख्यायिका आहे. पवित्र शनिवारच्या रात्री अंधाऱ्या मंदिरात पास्का मेणबत्ती येते आणि तिच्यासमोर घोषणागीत गायिले जाते. त्याच्या मूळ लॅटिन पाठात माश्यांच्या श्रमाचा कृतज्ञ उल्लेख आहे. १९७३ च्या इंग्रजी भाषांतरातून माश्या गळाल्या होत्या. २०११ च्या भाषांतरात त्या परत आल्या. आम्हांला याचा मनापासून आनंद झाला.

१९०४ मध्ये रोमहून असा निर्णय आला की, पास्का मेणबत्ती आणि मिस्साच्या वेळी वेदीवर जळणाऱ्या दोन मेणबत्त्या बहुतांशी मधमाशीच्या मेणाच्याच असाव्यात. असे सांगण्याची गरज पडावी, यातच मधल्या शतकाची हकिगत आहे. शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञाने चरबीचे पृथक्करण केले आणि त्यातून स्टिअरिनची मेणबत्ती निघाली. १८५० मध्ये जेम्स यंग यांनी पॅराफिनच्या कृतीचे पेटंट घेतले. साचे आणि यंत्रे आली. आपल्या देशातही आसामातील दिग्बोई येथे १९०१ मध्ये तेल शुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला आणि तिथून पॅराफिन निघू लागले. मेणबत्ती स्वस्त झाली, गरिबाच्या घरात पोहोचली. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र नागपूरचा मे महिना पाहिलेल्या माणसाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी : मधमाशीचे मेण बासष्ट ते चौसष्ट अंशांवर वितळते, तर हलक्या प्रतीचे पॅराफिन त्याच्या कितीतरी आधी. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी घरातल्या वेदीवरची स्वस्त कांडी मान टाकते, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत.

विशाखापट्टणला १८४६ मध्ये उतरलेले आनसीचे संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे धर्मगुरू पुढे नागपूर-कामठीच्या परिसरात आले आणि १८८७ मध्ये नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ज्या प्रदेशात ते आले तो मधाचा प्रदेश होता. मेळघाटातले कोरकू, गडचिरोलीकडचे गोंड आणि माडिया पिढ्यान्‌पिढ्या आग्या मोहोळ उतरवीत आले आहेत. आग्या माशी पेटीत राहत नाही. उंच झाडावर, कड्यावर उघड्यावर पोळे लावते. जुन्या पद्धतीत रात्री पेटता पलिता लावून माश्या हुसकतात, पुष्कळ जळून मरतात आणि पोळे अख्खे कापले जाते. वेदीवरच्या पवित्र मेणामागे असा संहार असू शकतो, ही गोष्ट आम्हांला फार उशिरा कळली आणि तेव्हापासून ती मनात सलते आहे.

येथे नागपूरहून सुमारे पाऊणशे किलोमीटरवरील वर्ध्याची आठवण अटळ आहे. १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापिला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे काम चाले आणि त्याचे मंत्री होते जे. सी. कुमारप्पा, तंजावरचे एक ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ. ते कॅथलिक नव्हते, पण येशूच्या शिकवणुकीवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. मगनवाडीत तेलघाणी, हातकागद यांच्या जोडीला मधुमक्षिकापालनाचेही प्रयोग झाले आणि रॉकेलऐवजी गोडेतेलावर जळणारा 'मगन दीप' नावाचा कंदील तयार झाला. दिव्यात जळणारे तेल कोठून आले, त्याचा पैसा कोणाच्या हाती गेला, हा त्यामागचा विचार होता. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कुमारप्पांनी अर्थव्यवहाराच्या पायऱ्या मांडल्या. वाघासारखे मारून खाणारे, माकडासारखे न पेरता ओरबाडणारे, आणि त्यांच्या पुष्कळ वर मधमाशी, जी स्वतःपुरते नव्हे तर साऱ्या पोळ्यासाठी राबते. पास्काच्या गीतातली माशी आणि अर्थशास्त्राच्या ग्रंथातली माशी अशी वर्ध्याजवळ एकत्र भेटते.

आता आमच्या बत्त्यांविषयी. एक किलो मेण घडवताना माश्या सहा-आठ किलो मध खर्ची घालतात असे म्हणतात. म्हणून आम्ही जपूनच मेण घेतले. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचा उंच डबा उभा केला, कारण मेण थेट आचेवर ठेवले तर पेट घेते. ते काम मोठ्यांचेच. एकेका मुलाच्या हाती सुताची वात दिली. पहिल्या बुडीत वात बुडबुडे थांबेपर्यंत मेण पिऊ द्यावी, मग ताणून सरळ करावी. पुढच्या बुड्या मात्र झटपट; रेंगाळले की आधीचा थर वितळून परत डब्यात जातो. मधल्या वेळी बत्ती दोरीवर टांगून निववायची. पंचवीस-तीस बुड्यांनंतर ती बोटाएवढी होते. जुन्या काळी बुडवण्याची रीत मुख्यतः चरबीच्या मेणबत्तीची होती. चर्चसाठी मेणाच्या बत्त्या करताना टांगलेल्या वातींवर मेण ओतीत आणि फळीवर लाटीत. आम्हीही गरम असतानाच लाटून पाहिल्या. मोठ्या मुलीची बत्ती सरळ झाली, धाकट्याची पडवळासारखी वाकडी.

मेण आणले त्या दुकानदाराला मुलीने विचारले की, पोळे कापताना माश्या जाळल्या होत्या का. त्याला सांगता आले नाही. पुढच्या खेपेस विचारून ठेवतो म्हणाला. उरलेली वडी आम्ही कागदात गुंडाळून ठेवली आहे. २ फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाच्या सणाला, मेणबत्त्या आशीर्वादित होतात. त्या दिवशी धाकट्याने आपली वाकडी बत्तीच मंदिरात नेली. ती धूर न करता जळली, फक्त मेण एकाच बाजूने ओघळत होते आणि तो ते ओघळ हाताच्या ओंजळीत झेलीत होता.