नुक्ता, नक्कल आणि रुजुवात

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या घरी एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात आजोबांच्या शेताची निजामकाळातली एक नक्कल घडी घालून ठेवलेली आहे. मजकूर उर्दूत, तारीख फसली सनाची. लहानपणी कुणी पेटी उघडली की आजी ओरडायची, ‘कागदां कू हात नको लगाव रे!’ तिला वाचता येत नव्हतं, पण कागदाची किंमत कळत होती. आम्हाला ती फार उशिरा कळली.

वारस नोंद करायची वेळ आली तेव्हा घोळ उघड झाला. मृत्यूच्या दाखल्यावर आजोबांचं नाव खलील, ऑनलाइन सातबाऱ्यावर जलील. उर्दू जाणणाऱ्याला यातली गंमत लगेच कळेल. दोन्ही नावांचं लिखाण अगदी सारखं असतं, फरक फक्त एका नुक्त्याचा. तो पहिल्या अक्षराच्या वर दिला तर खलील, खाली दिला तर जलील. घाईच्या शिकस्ता लिपीत नुक्ता अनेकदा गाळलाच जातो. उर्दूतून मराठीत नोंद उतरवताना कुणाच्या तरी हातून तो घसरला असणार. एका जुन्या नोंदवहीत जलील होतं, दुसरीत खलील. गावात आजोबांना सगळेच ओळखत, म्हणून पन्नास वर्षं काही अडलं नाही. संगणकात मात्र दोनांपैकी एकच नाव गेलं, आणि ते चुकीचं गेलं.

आपल्या जिल्ह्याच्या दफ्तरानं किती उतारे आणि किती स्थलांतरं सोसली हे आठवून पाहा. 1948 पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होतं आणि सरकारी कारभार उर्दूत चाले. 1956 मध्ये जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1981 मध्ये परतूर तालुका नव्या जालना जिल्ह्यात गेला. 1 मे 1999 रोजी हिंगोली वेगळा झाला. राज्यकर्ते बदलले, भाषा बदलली, हद्दी बदलल्या. दर वेळी कागद एका दफ्तरातून दुसऱ्यात गेले, पुन्हा उतरवले गेले. हातानं केलेल्या प्रतींमध्ये तफावत राहायची. तिचा त्रास होता, पण ती तफावतच सांगायची की इथे काहीतरी गडबड आहे, जरा थांबा, असल कागद पाहा.

आता प्रती माणूस करत नाही. एका सर्व्हरवरच्या फायली दुसऱ्या सर्व्हरवर आपोआप सारख्या ठेवण्याचं तंत्र आलं आहे. त्यातलं जगभर वापरलं जाणारं एक साधन म्हणजे आरसिंक. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते 1996 मध्ये आणलं. त्याची युक्ती साधी आणि सुंदर आहे. एकाच वहीच्या दोन प्रती दोन गावांत आहेत असं समजा. एका गावचा कारकून आपल्या प्रतीतल्या पानापानाची बेरीज दुसऱ्याला कळवतो. बेरीज जुळली तर ते पान पाठवायची गरज नाही, जुळली नाही तर तेवढंच पान पाठवायचं. आरसिंक फाइलच्या तुकड्यांचं असंच गणित मांडतं आणि फक्त बदललेला मजकूर पाठवतं. अख्खी वही पुन्हा पाठवायची गरज पडत नाही.

पण हे यंत्र एकच प्रश्न विचारतं: दोन्हीकडचं सारखं आहे का? खरं आहे का, हा प्रश्न त्याच्या हिशेबातच नाही. मूळ सर्व्हरवर जलील असेल तर रात्रीतून सगळीकडे जलील होतो. कुठे चुकून खलील उरला असेल तर तोही ‘दुरुस्त’ होतो. मुळात खोडलेली फाइल दुसरीकडूनही खोडायला सांगितलं, तर यंत्र तेही निमूट करतं. म्हणून जाणकार बजावतात की सारख्या प्रती ठेवणं वेगळं आणि जुनी प्रत जपून ठेवणं वेगळं.

आपल्या पूर्वजांना हा फरक माहीत होता. अरबी हस्तलिखितांच्या दुनियेत नक्कल लिहून झाली की काम संपत नसे. मग ‘मुकाबला’ व्हायचा. एक जण असल प्रत वाचायचा, दुसरा नकलेवर नजर ठेवायचा, आणि तपासणी कुठवर आली याची खूण समासात लिहिली जायची. हजरत उस्मान (रजि.) यांनी कुरआनच्या प्रती मोठ्या शहरांत पाठवल्या, तेव्हा सोबत पठण शिकवणारे कारीही पाठवले असं परंपरा सांगते. नुसती प्रत पुरेशी नव्हती, तिच्याबरोबर जाणता माणूस हवा होता. आपल्या मराठी कचेरीतली ‘रुजुवात’ हीच. असल, नक्कल, रुजुवात, तफावत, दफ्तर हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठी होऊन गेले.

महाराष्ट्रातही 2017 मध्ये संगणकीकृत सातबाऱ्याचं चावडी वाचन झालं. गावासमोर उतारे वाचायचे, चुका लोकांनी सांगायच्या. तो मुकाबलाच होता. त्या दिवशी आमच्या घरातलं कुणी चावडीवर गेलं नाही. पुढच्याच वर्षी डिजिटल सहीचे सातबारे सुरू झाले आणि जलील पक्का झाला.

आम्हाला वाचवलं ते पेटीतल्या कागदानं. तो कुठल्याच सर्व्हरला जोडलेला नव्हता, म्हणून त्याच्यावरचा नुक्ता जागच्या जागी होता. एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी तो वाचून दिला. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली, म्हणजे लेखनप्रमाद दुरुस्त करण्याच्या तरतुदीखाली, अर्ज केला. हेलपाटे बरेच झाले, पण आजोबा पुन्हा खलील झाले.

हा प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही. 2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज साऱ्यांनाच भासली. मराठा शेतकऱ्याच्या आजोबाचं नावही त्याच लिपीत, त्याच दफ्तरात आहे.

म्हणून एवढंच सांगतो. घरातला जुना कागद रद्दीत घालू नका. ऑनलाइन उतारा काढा आणि त्याच्याशी ताडून पाहा. घरात एक तरी मूल उर्दू वाचणारं असू द्या. सगळ्या प्रती सारख्या करायचं काम यंत्र करील, रुजुवात मात्र आपल्यालाच घ्यायची आहे.