कॉलेज पाहावयास कोणी जावे

बारावीच्या निकालाच्या सुमारास वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या वाशीम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांतून जी कुटुंबे अकोला, अमरावती, नागपूर, पुणे या शहरांकडे कॉलेज पाहावयास निघतात, त्यांत ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालतो तो मुलगाच पुष्कळदा सर्वांत उदास असतो. गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसतो, वसतिगृहाची खोली दाखविली तर नुसती मान हलवितो, आणि कसे वाटले म्हणून विचारले तर ‘ठीक’ यापलीकडे बोलत नाही. वडीलधारी मंडळी याचा दोष हल्लीच्या पिढीस देऊन मोकळी होतात. परंतु या मुलखातील विद्यार्थ्यांच्या परगमनाचा इतिहास पाहिला, तर मुलास बरोबर नेऊन कॉलेज दाखविणे हा प्रघातच मुळी अलीकडचा आहे असे दिसते; पूर्वीची मुले अधिक उत्सुक होती असे मानण्यास फारसा आधार नाही, त्यांना कोणी विचारीत नसे एवढेच.

वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा गांधर्वविवाह याच नगरात घडविला आहे, आणि ज्या गावी साहित्यविद्येस वर मिळाला, त्या गावच्या मुलांना विद्येसाठी गाव सोडावे लागावे, हा काळाने केलेला विनोदच म्हणावयाचा. कारंजाच्या नरहरीची, म्हणजे पुढील नृसिंह सरस्वतींची, कथा वऱ्हाडात घरोघरी ठाऊक आहे. मौंजीबंधनापर्यंत ॐकारावाचून न बोललेला तो बटू वेद म्हणून दाखवितो आणि काशीची वाट धरतो, तेव्हा शोक होतो तो मातेस, मुलाचा निश्चय अढळ असतो. आज बहुतेक घरांत हे पात्रांचे वाटप नेमके उलटे झाले आहे.

इंग्रजी विद्येच्या काळात मुलाने कोणत्या दिशेस जावे हे त्याच्या इच्छेपेक्षा तहनाम्यांनी आणि लोहमार्गांनी ठरविले. 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखाली आले, त्यावर हुकमत हैदराबादच्या रेसिडेंटाची राहिली, आणि उच्च शिक्षणासाठी नजर मात्र मुंबईकडे लागली. वऱ्हाडात जन्मलेले दादासाहेब खापर्डे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले ते याच काळात. 1867 मध्ये अकोल्यावरून नागपुरापर्यंत आगगाडी सुरू झाली, तरी वाशीम त्या मार्गापासून सुमारे पन्नास मैल दक्षिणेस राहिले, आणि वाशीमच्या विद्यार्थ्याचा पहिला प्रवास हा अकोल्याच्या स्टेशनापर्यंतचा, बैलगाडीचाच असे.

नागपुरात हिस्लॉप आणि 1885 साली मॉरिस कॉलेज निघाले; 1903 मध्ये वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताच्या चीफ कमिशनराकडे गेला, 1905 च्या फेररचनेत वाशीमचा स्वतंत्र जिल्हाही मोडून बहुतांशी अकोल्यात विलीन झाला, आणि मुलांचे तोंड हळूहळू पश्चिमेकडून पूर्वेकडे वळले. हळूहळू म्हणण्याचे कारण असे की, सरहद्द हुकमाने बदलते, पण लोकांची सवय तशी बदलत नाही. अमरावतीकडील पापळचे पंजाबराव देशमुख त्यानंतरही पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेलेच. शेजारच्या पुसद भागातील गहुलीचे वसंतराव नाईक मात्र मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. 1923 साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले, तेव्हा वऱ्हाडच्या मुलास प्रथमच वऱ्हाडात राहून पदवीधर होण्याची सोय झाली. कारंजास तर मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी, लोकांची लाडकी ‘शकुंतला’, लाभली होती. मूर्तिजापुरास गाडी बदलली की बडनेऱ्यावरून अमरावती फार दूर नव्हती.

किंग एडवर्ड कॉलेजसंबंधी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कारंजाची मुले विद्येसाठी अमरावतीस जात असता, अमरावतीच्या याच कॉलेजातील संस्कृतचे अध्यापक हिरालाल जैन हे विद्येसाठी कारंजास येत. तेथील जैन भांडारांत शतकानुशतके जपलेल्या हस्तलिखितांतून त्यांनी पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ 1933 मध्ये संपादून प्रसिद्ध केले, पाठोपाठ कनकामराचे ‘करकंडचरिउ’ आले, आणि अपभ्रंश वाङ्मयाच्या अभ्यासकांत कारंजाचे नाव दूरवर गेले. कोणाच्या दारी कोण शिकावयास जातो, हे असे मजेदार असते.

कॉलेज पाहावयास मुलाच्या आधी थोरल्या माणसाने जाऊन यावयाचे, ही त्या काळची रीत. वडील, चुलते किंवा मामा एखाद्या वकिलाच्या नावाची चिठ्ठी घेऊन निघत, आणि लग्नाचे स्थळ पाहावे तशी सारी चौकशी करीत; परंतु ती चौकशी कॉलेजची क्वचित, मुक्कामाची आणि जेवणाची अधिक. ब्राह्मणाच्या गरीब मुलास सात घरी वार लावून जेवता येई. कुणब्याच्या, बंजाऱ्याच्या किंवा महाराच्या मुलास ती घरे बंद होती, आणि म्हणून त्याच्या उच्च शिक्षणाचा इतिहास हा मुख्यतः वसतिगृहांचा इतिहास आहे. अमरावतीस पंजाबरावांनी काढलेले, सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे श्रद्धानंद छात्रालय, किंवा नागपूरचे चोखामेळा वसतिगृह यांनी जे साधले, ते नुसत्या व्याख्यानगृहांनी साधले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलींचा प्रश्न तर बहुधा मुक्कामाच्या चौकशीपर्यंतही पोहोचत नसे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. पंजाबरावांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा विस्तार झाला, अकोल्यास 1969 मध्ये त्यांच्याच नावाचे कृषी विद्यापीठ आले, वाशीम, कारंजा, रिसोड येथे कॉलेजे निघाली, 1983 साली अमरावतीस विद्यापीठ झाले आणि 1998 साली वाशीमला त्याचा जिल्हा परत मिळाला. गावचे कॉलेज रोज येता-जाता दिसते, ते पाहावयास कोणी जात नाही. पुढे प्रवेशपरीक्षा आल्या आणि मुले पुन्हा बाहेर निघाली. आता तर अकरावीपासूनच कोणी अकोल्यास, कोणी नांदेडला, कोणी लातूरला शिकवणीसाठी राहतो. वैद्यकीय प्रवेशांत 2020 पर्यंत 70 टक्के जागा त्या त्या विभागासाठी राखीव असत; त्यामुळे नागपूरपेक्षा अंतराने जवळचे नांदेड मराठवाड्यात पडल्याने वाशीमच्या मुलास हिशोबाने दूर होते. रेसिडेंटाची जागा नियमावलीने घेतली, पण दिशा ठरविणारा हात पुष्कळसा दप्तरातलाच राहिला.

असे असता, ज्याला आज प्रथमच विचारले जात आहे तो मुलगा गोंधळला तर नवल कसले? त्याची अनिच्छा ही बहुधा शिक्षणाविषयी नसते. दोन वर्षे शिकवणीच्या गावी काढून तो नुकताच घरी आलेला असतो, गुणपत्रकाची धास्ती असते, आणि पाहावयाच्या कॉलेजांची यादी वडिलांनी आधीच कायम केलेली असते. अशा वेळी जुन्या मंडळींची मुक्कामाची चौकशी मला शहाणपणाची वाटते, फक्त ती मुलाकडून करवावी. पहिली फेरी अकोल्याची, एका दिवसात घरी परतण्याजोगी असावी. सुटीत नव्हे, तास चालू असतील अशा दिवशी जावे. आपल्याच तालुक्यातला एखादा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी गाठून द्यावा, आणि वडिलांनी तासभर फाटकाबाहेर चहा घेत बसावे. मेसच्या भाजीविषयी, पाण्याविषयी, रॅगिंगविषयी तो मुलगा जे त्या विद्यार्थ्यास विचारील, ते वडिलांसमोर कधीही विचारणार नाही. परतीच्या गाडीत निकाल मागू नये. पुढचे गाव कोणते, हे त्याने सांगावे, आणि ते आपल्या यादीत नसले तरी एक फेरी त्यासाठी खर्ची घालावी.

शेवटी विकल्प-अर्ज भरावयाचा असतो. पुष्कळ घरी तो नेटकॅफेतल्या माणसाच्या हाती सोपविला जातो, वडील मागे उभे राहून कॉलेजांचा क्रम सांगतात, आणि मुलास केवळ मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला जातो. तो क्रम मुलाने स्वतः लावावा, आणि वडिलांस काही फेरफार सुचवावयाचा असेल तर तो अर्ज कायम करण्याच्या आदल्या रात्री, घरी सुचवावा.