घरट्यावरचा पहारा : मीनखाई घार, डीडीटी आणि भोसरीचे पाणी

१/
भोसरी दोन नद्यांच्या मधोमध वसली आहे. एका अंगाला इंद्रायणी, दुसऱ्या अंगाला पवना. इंद्रायणी आळंदीवरून पुढे जाऊन तुळापूरला भीमेला मिळते. पवना दापोडीजवळ मुळेत शिरते आणि मुळा-मुठेच्या प्रवाहातून तीही अखेर भीमेतच येते. भोसरीच्या माळावर १९६० च्या दशकापासून कारखाने उभे राहिले. त्या माळाच्या दोन्ही बाजूंचे पाणी शेवटी एकाच जागी साठते : उजनीच्या जलाशयात.

२/
उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्यावर, भिगवणच्या परिसरात, दर हिवाळ्यात एक शिकारी पक्षी उतरतो. पाठ गडद तपकिरी, पोट पांढरे, डोळ्यांवरून मागे गेलेली काळसर पट्टी. हा ऑस्प्रे, म्हणजेच मीनखाई घार. माशांवाचून तो जवळजवळ काहीच खात नाही. निसरडा मासा पकडता यावा म्हणून त्याच्या तळव्यांवर काट्यांसारखे खवले असतात आणि बाहेरचे बोट मागे वळते. जलाशयावर घिरट्या घालत तो क्षणभर हवेत थबकतो आणि पाय पुढे करून पाण्यात झेपावतो.

३/
उजनीवर मात्र तो घरटे बांधत नाही. त्याची वीण उत्तरेकडे, थंड प्रदेशांतील नद्या आणि सरोवरांच्या काठी होते. म्हणून या पक्ष्याचे कुटुंब कसे वाढते, हे पाहण्याचा इतिहासही तिकडेच घडला. तो केवळ पक्षिप्रेमाचा इतिहास नाही. एका विषाचा माग घरट्यांच्या नोंदींवरून कसा लागला, याचाही तो इतिहास आहे.

४/
आधी घरट्याविषयी. झाडाच्या शेंड्यावर वा एखाद्या खांबावर काटक्यांचा मोठा ढीग रचलेला असतो. जोडी वर्षानुवर्षे त्याच घरट्यावर परतते आणि त्यात भर घालते. मादी बहुधा तीन अंडी देते, तीही एकाच वेळी नव्हे, तर काही दिवसांच्या अंतराने. सुमारे पाच-सहा आठवडे अंडी उबवली जातात. पुढे मादी पिलांपाशी बसते आणि नर मासे आणतो. मादी माशाचे बारीक तुकडे करून एकेका चोचीत भरवते. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिले पहिली झेप घेतात. पहिले पिलू आधी बाहेर पडल्यामुळे थोराड असते. मासे कमी पडले, तर उपासमार धाकट्याच्या वाट्याला येते. नदीत मासळी किती, याचा हिशेब असा घरट्यातच मांडलेला असतो.

५/
ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात हे पक्षी बंदुकीला आणि अंडी जमवणाऱ्यांच्या हौसेला बळी पडले. स्कॉटलंडमधील अखेरची वीण १९१६ ची मानली जाते. पक्षी जितका दुर्मीळ, तितके त्याच्या अंड्याचे मोल जास्त, असा संग्राहकांचा विचित्र न्याय होता. पुढे जवळजवळ चार दशकांनी, १९५४ मध्ये, लॉक गार्टन या सरोवराच्या परिसरात एका जोडीने दोन पिले वाढवली. त्यानंतरच्या वर्षांत मात्र पुन्हा अपयश आले.

६/
१९५८ मध्ये रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स या संस्थेचे जॉर्ज वॉटरस्टन यांनी घरट्याभोवती रात्रंदिवस पहारा बसवला. तरीही जून महिन्यातील एका रात्री अंधाराचा फायदा घेऊन चोर झाडावर चढलाच. खरी अंडी गेली. त्यांच्या जागी कोंबडीची अंडी सापडली. ती बुटाच्या तपकिरी पॉलिशने रंगवलेली होती.

७/
यावर दोन उपाय शक्य होते : घरट्याची जागा अधिक गुप्त ठेवणे किंवा ती सर्वांना दाखवणे. वॉटरस्टन यांनी दुसरा मार्ग धरला. १९५९ मध्ये झाडाला काटेरी तारांचे संरक्षण मिळाले आणि ठरावीक अंतरावरून दुर्बिणीतून घरटे पाहण्याची सोय लोकांसाठी खुली झाली. त्या एका हंगामात सुमारे १४ हजार माणसे येऊन गेली आणि तीन पिले आकाशात झेपावली. लपवून न वाचलेले घरटे हजारो डोळ्यांसमोर वाचले. निसर्गरक्षणाच्या इतिहासात ही दिशाच नवी होती.

८/
याच काळात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उलटे चित्र होते. तेथे चोर नव्हता, पहाऱ्याची गरज भासत नव्हती, तरी घरटी रिकामी पडत होती. लाँग आयलंडजवळच्या गार्डिनर्स बेटावर डेनिस पुलस्टन हे निसर्गअभ्यासक १९४८ पासून घरट्यांच्या नोंदी ठेवत होते. सुरुवातीला तेथे तीनशेच्या आसपास घरटी होती. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत थोडीच उरली आणि त्यांतून बाहेर पडणारी पिले बोटांवर मोजण्याइतकी झाली. आई अंड्यांवर बसत होती, बाप मासे आणत होता, आणि अंडी आईच्याच वजनाखाली फुटत होती.

९/
कारण होते डीडीटी. त्याचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये ओळखला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डास मारण्यासाठी फवारलेले हे द्रव्य पाण्यातून सूक्ष्मजीवांत, त्यांच्यातून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत साचत जाई. साखळीच्या टोकाला असलेल्या मीनखाई घारीच्या वाट्याला सर्वाधिक मात्रा येई. डीडीटीपासून बनणारे डीडीई हे द्रव्य अंड्याच्या कवचापर्यंत कॅल्शियम पोहोचू देत नाही. अंड्यांची कवचे पातळ झाल्याचे डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये ब्रिटनमधील शिकारी पक्ष्यांच्या जुन्या-नव्या अंड्यांची तुलना करून दाखवले.

१०/
दोष अंड्यात आहे की आईबापांच्या सांभाळण्यात? पॉल स्पिट्झर या तरुण अभ्यासकाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस याचे उत्तर अत्यंत साध्या प्रयोगाने शोधले. मेरीलँडमधील घारींची वीण त्या मानाने बरी चालली होती. तेथील अंडी त्याने कनेक्टिकटच्या घरट्यांत ठेवली आणि कनेक्टिकटची अंडी मेरीलँडला नेली. मेरीलँडची अंडी परक्या घरट्यातही फुटून पिले बाहेर आली. कनेक्टिकटची अंडी चांगल्या घरट्यातही वांझ ठरली. आईबाप निर्दोष होते; विष अंड्यातच होते.

११/
पुलस्टन आणि त्यांचे सहकारी १९६६ मध्ये स्थानिक डास-नियंत्रण मंडळाविरुद्ध न्यायालयात गेले. पुलस्टन चित्रकारही होते. हे विष अन्नसाखळीत कसे चढत जाते, हे त्यांनी चित्रे काढून मांडले. फवारणीला तात्पुरती मनाई मिळाली. १९६७ मध्ये याच गटातून एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड ही संस्था जन्मली आणि १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या सर्वसाधारण वापरावर बंदी घातली. घरटी पुन्हा भरू लागली.

१२/
भारतात हा हिशेब इतका सरळ नव्हता. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, डीडीटीची फवारणी झाली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत नोंदलेले रुग्ण लाखाच्या घरात आले. ज्या द्रव्याने घारीची अंडी फोडली, त्यानेच असंख्य माणसांचे प्राण वाचवले. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथेही त्याचे उत्पादन झाले. शेतीतील वापरावर १९८९ मध्ये बंदी आली. हिवतापाविरुद्धचा वापर पुढेही चालू राहिला. या इतिहासात एकच खलनायक शोधणारा वाचक म्हणूनच फसतो.

१३/
घरटी मोजण्याचे मोल भारताला कळले ते गिधाडांमुळे. विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८० च्या दशकात गिधाडांची घरटी मोजली होती. १९९० च्या दशकात तीच मोजणी पुन्हा झाली, तेव्हा ऱ्हासाचा आकडा हाती आला. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यामागे असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. जुनी नोंद नसती, तर काय हरवले हेही कोणाला सांगता आले नसते. कोकणात म्हसळ्याजवळच्या चिरगावात ग्रामस्थांनी गिधाडांची घरटी राखली, तीही याच परंपरेतली.

१४/
आता पुन्हा भोसरी. आळंदीच्या घाटापाशी इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगल्याची दृश्ये अलीकडच्या वर्षांत वारंवार दिसली आहेत. घरांचे आणि कारखान्यांचे प्रक्रिया न झालेले पाणी नदीत मिसळते, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. हेच पाणी पुढे उजनीत जाते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मीनखाई घारीचे नाव आहे. पण कायदा पक्ष्याला शिकाऱ्यापासून वाचवतो. त्याच्या पंजातल्या माशाची तपासणी करत नाही.

१५/
गार्डिनर्स बेटावर विष आणि रिकामे घरटे एकाच किनाऱ्यावर होते, म्हणून दोहोंची सांगड घालता आली. उजनीची घार मार्चच्या सुमारास उत्तरेकडे निघून जाते. तिच्या शरीरात येथून काही गेलेच, तर त्याचा परिणाम दूरच्या एखाद्या झाडावर दिसेल आणि त्या घरट्याकडे पाहणाऱ्याला भोसरीचे नावही ठाऊक नसेल. म्हणून येथील पहारा घरट्यावर बसवता येत नाही. तो नदीवरच बसवावा लागतो : दर हिवाळ्यात पक्षी मोजून, दर ऋतूत पाणी तपासून आणि त्या नोंदी पुलस्टन यांच्यासारख्या वर्षानुवर्षे जपून.